लंडनमधलं १८२४ सालचं ओळीतलं घर : बाबांनी विचारलेले प्रश्न

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही तीन वर्षांपासून लंडनच्या इझलिंग्टन भागात भाड्याने राहतो. घर टेरेस हाऊस प्रकारातलं. नाशिकला आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, पापड-कुरडया वाळत घालता येतील." तर तशी गच्ची इथे नाही. इथे टेरेस म्हणजे एकाला एक लागून बांधलेल्या घरांची ओळ, दोन घरांमधली भिंत सामाईक. आमच्या ओळीत बावीस घरं आहेत. घरमालकाकडच्या कागदांत बांधणीचं साल १८२४ आहे. तळघर आणि तळमजला एका कुटुंबाकडे, पहिला आणि दुसरा मजला आमच्याकडे. घर वारसा यादीत असल्यामुळे खिळा मारायचा तरी विचार करावा लागतो.

मागच्या महिन्यात माझे बाबा आले. पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढलीत त्यांनी. पहिल्या दिवशी सकाळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले ते चहा गार होईपर्यंत आत आलेच नाहीत. मग माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, त्याला कुलपाची किल्ली बांधली आणि खिडकीतून खाली सोडून ओळंबा धरला. "भिंतीला पोट आलंय," म्हणाले, "दीड इंच तरी आहे." त्यानंतर जे प्रश्न सुरू झाले त्यातल्या एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. तीन वर्षं ज्या घरात राहते त्याच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं, याची फार चुटपुट लागली. म्हणून हा धागा.

पुढून बघितलं तर छप्पर दिसतच नाही. विटांची भिंत सरळ वर जाते आणि आडव्या रेषेत संपते. मागच्या बागेतून बघितलं तर प्रत्येक घराच्या डोक्यावर उघडं पुस्तक ठेवल्यासारखा आकार, दोन्ही कडा उंच आणि मध्ये खोल. आपल्याकडे आढं मध्ये असतं आणि पागोळ्या कडेला. इथे सगळं उलटं. आणि गळतंही मधोमधच! दुसऱ्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत छताच्या बरोबर मध्ये ताटाएवढा डाग पडलाय. घरमालकाच्या माणसाने वर जाऊन दोनदा काळं डांबर फासलं, तरी पाऊस आला की डाग ओला होतोच.

पहिल्या मजल्याच्या खिडक्या माणसाहून उंच, त्याच्या वरच्या जेमतेम कमरेएवढ्या. असं का?

पुढच्या खोलीतली जमीन मागे उतरते आणि मागच्या खोलीतली पुढे. मुलाच्या गोट्या दोन्हीकडून येऊन मधल्या लाकडी भिंतीपाशी जमतात. बाबांना याची काळजी वाटते.

दारासमोर फुटपाथवर एक गोल लोखंडी झाकण आहे, फूटभर व्यासाचं. गटाराचं वाटत नाही.

ओळीतल्या शेवटच्या घराच्या बाजूच्या भिंतीत दोन खिडक्या विटांनी बंद केलेल्या आहेत. शेजारी म्हणतात, खिडक्यांवर कर होता म्हणून लोकांनी बुजवल्या. हे खरं का?

आणि शेवटचं. पुढच्या खोलीतल्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना, भिंतीच्या जाडीत, लाकडी तक्ते बसवलेत. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचे इतके थर आहेत की कडासुद्धा गोल झाल्यात. बाबांनी बोटाने वाजवून बघितलं तर आत पोकळ.

घर आतून सतरा फूट रुंद आणि साधारण सव्वीस फूट खोल आहे. जाणकारांनी सांगावं. बाबा अजून तीन आठवडे इथे आहेत.

---

केळीचंपान

झाकण कोळशाचं. फुटपाथखाली कोठी असणार. आम्ही कॅमडनला राहायचो तेव्हा आमच्या दारातही होतं, नक्षीदार. बाकीचं सुतारपक्षी यांनाच विचारा, ते या कामातच आहेत.

---

सुतारपक्षी

ताई, सगळ्यांत आधी तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. किल्लीचा ओळंबा धरणारा माणूस भेटला की बरं वाटतं. मी मूळचा साताऱ्याचा, आजोबा सुतार. गेली अठरा वर्षं इथे जुन्या खिडक्या-दारं दुरुस्त करतो, त्यातली निम्मी तरी तुमच्या घराच्या वयाची असतील.

माझं पहिल्यापासूनचं मत आहे की ही घरं पुढून बघून कळत नाहीत. पुढची बाजू रस्त्यासाठी बांधली जायची. घर समजून घ्यायचं तर मागच्या बागेत उभं राहायचं आणि तळघरातून वर चढत यायचं. तुमचे बाबा बागेत गेले म्हणून त्यांना निम्मे प्रश्न पडले.

छपरापासून सुरू करतो, कारण तिथे घाई आहे. तुमच्या छपराला दोन पाखी आहेत, आणि दोन्ही सामाईक भिंतींपासून आत, घराच्या मध्याकडे उतरतात. मध्ये पुढून मागे जाणारी एक लांब पन्हळ आहे, तुमच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर. सगळ्या छपराचं पाणी त्या एका पन्हळीतून मागच्या भिंतीकडे जातं आणि तिथून नळाने खाली. बागेतून दिसणारा उघड्या पुस्तकाचा आकार तो हाच. पुढच्या बाजूला त्याच्यासमोर सरळ भिंत चढवलेली असते, म्हणून रस्त्यावरून काही दिसत नाही.

हे असं का, तर आगीमुळे. १६६६ साली लंडन जळलं. त्यानंतर इथले बांधकामाचे कायदे एकामागून एक कडक होत गेले. १७०७ च्या कायद्याने छपराच्या कडेची लाकडी नक्षीदार पट्टी बंद केली आणि भिंत छपराच्या वर न्यायला लावली, म्हणजे एका घराची आग लाकडावरून दुसऱ्या घराला लागू नये. १७०९ मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायचा नियम आला. मग १७७४ चा मोठा कायदा. त्याने खिडकीची लाकडी पेटी, जिच्यात वर-खाली सरकणाऱ्या तावदानांना तोलणारी वजनं लोंबकळतात ती, विटांच्या मागे लपवायला लावली. तुमच्या खिडकीकडे बाहेरून बघा. चौकटीची बोटभर पट्टी दिसेल, बाकी सगळं लाकूड विटेआड. आमच्या धंद्यात खिडकीचं वय ओळखायला पहिली नजर तिथेच जाते.

याच कायद्याने घरांचे वर्ग पाडले. राहत्या घरांसाठी चार, जागेच्या क्षेत्रफळावर आणि किमतीवर. तिसरा वर्ग ३५० ते ५०० चौरस फूट जागेचा आणि १५० ते ३०० पौंड किमतीचा. तुमचे सतरा गुणिले सव्वीस म्हणजे ४४२. भिंती धरल्या तर थोडं वाढेल, पण बहुधा तिसराच वर्ग. वर्गावरून भिंतीची जाडी ठरायची. गवंड्यांना नकाशे वेगळे काढावे लागत नसत, कायद्यातच निम्मं घर सांगितलेलं होतं. ही घरं एकमेकांसारखी दिसतात त्याचं मोठं कारण तेच.

आता गळती. पन्हळीला शिसं लावलेलं असतं. शिसं उन्हाने ताणतं, थंडीने आक्रसतं. त्याचा एकच लांब तुकडा घातला तर काही वर्षांनी चिरतो. नीट काम करणारा छोटे छोटे तुकडे घालतो आणि दोन तुकड्यांमध्ये पायरी ठेवतो. डांबर फासलं की चीर तात्पुरती झाकते, पण शिसं हलायचं थांबत नाही, त्यामुळे तडा पुन्हा त्याच जागी. दुसरं म्हणजे पानं. लंडनच्या रस्त्यांवर प्लेन नावाची झाडं, त्यांची पानं चामड्यासारखी, कुजता कुजत नाहीत. पन्हळीचं मागचं तोंड तुंबलं की पाणी साठतं आणि शिशाच्या कडेवरून आत उतरतं. आधी पन्हळ साफ करून घ्या, मग शिसं तपासायला सांगा. घरमालकाला लेखी कळवा. पन्हळीखालची तुळई दोनशे वर्षांची आहे, ती सतत ओली राहिली तर कुजेल आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढेल.

गोट्यांचं सांगतो. पुढच्या, मागच्या आणि सामाईक भिंती विटांच्या. पण पुढची आणि मागची खोली वेगळी करणारी भिंत लाकडी सांगाड्याची, पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. जमिनीच्या तुळया एका टोकाला विटेवर आणि दुसऱ्या टोकाला या लाकडी भिंतीवर टेकतात. लाकूड सुकतं, आखडतं, थोडं बसतं. वीट बसते ती कमी आणि वेगळ्या वेगाने. दोनशे वर्षांत मधला भाग खाली आला आणि दोन्ही खोल्या त्याच्याकडे झुकल्या. या वयाच्या लंडनच्या घरांत हे बहुतेक ठिकाणी दिसतं. बाबांना सांगा, उतार जुना असेल आणि गिलाव्याला नव्या भेगा नसतील तर घाबरायचं कारण नाही. कोणी खालच्या मजल्यावर ही मधली भिंत काढून मोठा हॉल केला असेल, तर मात्र चौकशी करा.

भिंतीचं पोट हा माझ्या मते तुमच्या बाबांचा सगळ्यांत मोलाचा प्रश्न. पुढच्या विटांची रचना बघा, एक आडवी, एक उभी, एक आडवी, एक उभी. उभी म्हणजे जिचं फक्त टोक बाहेर दिसतं ती. ती भिंतीत आतपर्यंत गेलेली असावी, म्हणजे पुढचा आणि मागचा थर एकमेकांत गुंततो. पण पुढच्या विटा महाग, आतल्या स्वस्त, आणि दोन्हींची उंची सारखी नसे. थर जुळायचे नाहीत. मग गवंडी उभी वीट अर्धी तोडून नुसती दर्शनी लावायचा. बाहेरून रचना सुबक, आतून पुढचा साडेचार इंचाचा थर जवळजवळ सुटा. त्यात भिंतीच्या पोटात आडवी लाकडं घालायची पद्धत होती, ती कुजली की तिथे पोकळी. म्हणून भिंत फुगते. एवढ्या जुन्या भिंतीला दीड इंच खूप नाही, पण वर्षातून एकदा त्याच जागी ओळंबा धरून मोजमाप लिहून ठेवा. आणि विटांमधल्या सांध्यांच्या दर्जा भरायची वेळ आली तर सिमेंट अजिबात वापरू देऊ नका, चुनाच. तुमच्या बाबांना हे सांगायला नको. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही, मग ओल विटेतून वाट काढते आणि विटेचं तोंडच सोलून निघतं. असले रस्तेच्या रस्ते मी पाहिलेत, जीव तुटतो.

खिडक्यांची उंची खोलीच्या मानाप्रमाणे. तळघरात स्वयंपाक, तळमजल्यावर जेवण, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांची बैठक, वर झोपायच्या खोल्या, आणि सर्वांत वर असेल तर मुलं नि नोकर. पाहुणे बसायचे तिथे सर्वांत उंच छत, सर्वांत मोठी खिडकी, सर्वांत चांगली शेकोटी. रस्त्यावरून नुसत्या खिडक्या पाहून कोणत्या मजल्यावर कोण राहायचं ते सांगता येतं.

काचा छोट्या का, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. त्या वेळी काच फुंकून, गरागरा फिरवून तिची मोठी तबकडी करायचे आणि तिच्यातून तुकडे कापायचे. तबकडीतून मोठं तावदान निघणार कसं? शिवाय १८४५ पर्यंत काचेवर वजनाप्रमाणे कर होता, म्हणून काच पातळ. पातळ काच हलकी, तिला जाड लाकूड लागत नाही, म्हणून या काळातल्या तावदानांमधल्या पट्ट्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या, इतक्या नाजूक की हातात घेताना मी अजूनही श्वास रोखतो. तुमच्या खिडकीत एखादी जुनी काच शिल्लक असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात डोकं थोडं हलवून समोरच्या घराची कड बघा. रेघ पाण्यात पडल्यासारखी हलेल. असली काच फुटू देऊ नका.

बंद खिडक्यांचं शेजारी सांगतात ते अर्धं खरं. खिडक्यांवरचा कर १६९६ ते १८५१ होता, आणि लोकांनी खिडक्या बुजवल्याही. पण १८२५ नंतर आठापेक्षा कमी खिडक्यांच्या घरांना तो माफ होता. ओळीच्या टोकाच्या घरात बाजूच्या भिंतीतून बहुधा धुराडी वर जातात. तिथे खिडकी काढताच येत नाही, पण नुसती सपाट भिंत भकास दिसते, म्हणून मुळातच आंधळी खिडकी बांधायचे. ओळखायची खूण सांगतो. बुजवलेल्या विटा आजूबाजूच्या विटांपेक्षा वेगळ्या दिसत असतील तर नंतर बुजवली. रंग, सांधा, काजळी सगळं सारखं असेल तर ती कधी उघडी नव्हतीच.

आणि ते पोकळ तक्ते. ताई, त्या झडपा आहेत. घडीच्या. दिवसा खिडकीच्या बाजूच्या पेटीत मिटून बसतात, रात्री बाहेर ओढून खिडकी आतून बंद करायची आणि लोखंडी अडसर लावायचा. कोणीतरी रंगाने त्या चिकटवून टाकल्यात. वाजवल्यावर पोकळ आवाज येतो याचा अर्थ त्या बहुतेक अजून आत आहेत. कित्येक घरांतून त्या जळणात गेल्या.

घरमालकाला विचारून उघडा. तक्त्याच्या कडेला जिथे रंगात अगदी बारीक चीर दिसते तिथे पातळ पातं हळू फिरवा, जोर लावू नका. बिजागऱ्या आतल्या बाजूला असतील. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, फडकं ओलं ठेवायचं, आणि मुलाला त्या दिवशी बाहेर न्यायचं.

---

गोदाकाठ

सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. भिंतीचं वाचत होते तेव्हा त्यांनी दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. "अर्धी वीट तोडून दर्शनी लावणं" यावर म्हणाले, "हे आमच्याकडेही चालायचं, मी दोन भिंती पाडायला लावल्यात."

एक विचारते. आमच्याकडून तळघर दिसत नाही, पण मागची बाग खालच्यांच्या स्वयंपाकघराच्या पातळीवर आहे आणि पुढचा रस्ता मात्र त्याच्यावर एक मजला. डोंगर-उतार तर इथे नाही. हे कसं?

---

सुतारपक्षी

बागेची पातळी ती खरी जमीन. रस्ता उचललेला आहे. पुढे फार खोल खणण्यापेक्षा थोडं खणायचे, निघालेली माती रस्त्यावर टाकून तो उंच करायचे. फुटपाथखाली विटांच्या कमानी बांधून कोठ्या काढायचे. घर आणि रस्ता यांच्यामध्ये जो खंदक राहतो त्यातून तळघराला उजेड आणि नोकरांना यायला वेगळा जिना. कोठीच्या माथ्यावर ते गोल झाकण. कोळसेवाला गोण आणून वरच्या वर ओतायचा, घरात पाऊल टाकायचा नाही. झाकण गोल कारण गोल झाकण स्वतःच्या भोकातून खाली पडत नाही, आणि फूटभरच कारण त्यातून चोर उतरू शकत नाही. एका घरात किती शेकोट्या पेटायच्या ते मोजलं की कोठी एवढी मोठी का ते कळतं. तुमच्या धुराड्याच्या माथ्यावरच्या मातीच्या नळ्या मोजा, साधारण तेवढ्या शेकोट्या.

तुमच्याकडची पिवळट वीटसुद्धा त्याच कोळशाच्या राखेची. लंडनची राख चाळून विटांच्या मातीत मिसळायचे, भाजताना ती आतून जळायची.

---

समुद्रकाठ

मी ब्रायटनला. सुतारपक्षी यांचं "पुढची बाजू रस्त्यासाठी" हे वाचलं आणि लिहायला बसले. आमच्याकडे तर हे फारच ठळक आहे. लागूनच असलेल्या होवमधला ब्रन्सविक स्क्वेअर १८२५ च्या सुमाराला सुरू झालेला, समुद्राकडे तोंड, सगळी घरं गोलाईदार पोट पुढे काढून उभी, सगळ्यांना एकच मलईचा रंग. वाटतं की दगडात कोरलीत. दगड नाहीच. वर गिलावा, त्यात ओल्यातच रेघा ओढून दगडाचे सांधे दाखवलेत. त्या गिलाव्याच्या आत काय आहे ते मी स्वतः पाहिलंय. आमच्या मागच्या भिंतीचा गिलावा निघाला तेव्हा आतून गारगोट्या, विटांचे तुकडे, मातकट चुना, असं सगळं ओतलेलं निघालं. इथे त्याला बंगरूश म्हणतात. हाताने कोरलं तर मूठभर हातात येतं. कोरडं असेपर्यंत ते दोनशे वर्षं उभं राहतं. पाण्याची एक गळकी नळी मात्र त्याला पुरते. आमच्या शेजारच्या घरी तेच झालं, भिंतीचा खालचा भाग चिखलासारखा बसला आणि त्या कुटुंबाला आठ महिने दुसरीकडे राहावं लागलं. तेव्हा गोदाकाठ, गळतीचं लगेच बघा, हे मी कळकळीने सांगते.

गिलाव्याला त्या काळात जोर आला तो पार्करच्या रोमन सिमेंटमुळे, त्याचं पेटंट १७९६ चं. नाव रोमन, पण माल इंग्लंडचाच, मातीतले गोळे भाजून दळलेले. पटकन घट्ट व्हायचं आणि पाण्याला टिकायचं. लंडनला रीजंट्स पार्कभोवती जॉन नॅश या वास्तुविशारदाने जे राजवाड्यासारखे टेरेस उभे केले, तेही असेच विटांवर गिलावा देऊन.

बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या अर्धचंद्राकार ओळीची गोष्ट याच्याही आधीची, १७६७ ते १७७४. तीस घरं, पुढे एकशेचौदा खांब, एक इंचाचा फरक नाही. घेणाऱ्याने पुढच्या भिंतीचा आपला हिस्सा घ्यायचा आणि मागचं घर स्वतःच्या गवंड्याकडून हवं तसं बांधायचं. मागून बघाल तर कुठे बाहेर आलेलं, कुठे आत गेलेलं, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. मला तर मागची बाजूच जास्त आवडते. तिथे माणसं दिसतात.

चेल्टनमला जाणार असाल तर पहिल्या मजल्यावरच्या लोखंडी सज्जांवर छोटी वाकदार छपरं आहेत ती बघा. त्यांना व्हरांडा म्हणतात. शब्द हिंदुस्थानातून गेलेला आणि त्या काळी तो इथे नवा होता.

---

पिंपळपार

सुंदर चर्चा चालली आहे. एकच जोडतो. या सगळ्यात पाहुण्यांची बैठक असलेली घरं आली. त्याच वर्षांत बर्मिंगहॅमला मजुरांसाठी पाठीला पाठ लावलेली घरं बांधली गेली. पुढे एक घर, त्याच्या पाठीला चिकटून दुसरं, त्याचं दार आतल्या चौकात. तीन बाजूंना दुसऱ्याची भिंत, हवा फक्त एका बाजूने. इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर असा एक चौक नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जपलाय, घरं १८०२ ते १८३१ मधली. एका मजल्यावर एकच खोली, अरुंद जिना आणि धुणं-संडास चौकात सामाईक. माझं बालपण गिरगावच्या चाळीत गेलं. त्या चौकात उभा राहिलो तेव्हा नळावरची भांडणं ऐकू येतील असं वाटलं. पण चाळीला निदान गॅलरी होती आणि दोन्हीकडून वारा होता. तेवढंही या माणसांना मिळालं नाही. इझलिंग्टनचं घर बघायला येणाऱ्यांनी हा चौकही बघावा.

---

केळीचंपान

एक शंका. बाबासाहेब आंबेडकर राहिले ते लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर याच प्रकारातलं का? पुढच्या महिन्यात जायचं आहे.

---

सुतारपक्षी

नाही, ते व्हिक्टोरियन, या चर्चेतल्या घरांपेक्षा काही दशकांनी नंतरचं. बाबासाहेब तिथे १९२१-२२ मध्ये राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. तिथे जाच. मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा बाहेर पडल्यावर बराच वेळ बोलावंसं वाटलं नाही.

जुन्या घडणीचं, आपल्याकडच्या माणसाचा पाय लागलेलं घर बघायचं तर त्याच दिवशी बेडफर्ड स्क्वेअरला जा. ४९ क्रमांकाच्या घरावर राजा राममोहन रॉय यांची निळी पाटी आहे. तो चौक १७७५ ते १७८३ मधला, सगळ्या बाजू शाबूत. दारांच्या कमानीच्या माथ्यावर दाढीवाले चेहरे आहेत. ते दगडाचे वाटतात, पण आहेत भाजलेल्या मातीचे, एलिनॉर कोड या बाईंच्या लॅम्बेथच्या कारखान्यातले. अडीचशे वर्षं पाऊस आणि काजळी खाऊन नाकं अजून तीक्ष्ण आहेत. दारावरचे पंख्याच्या आकाराचे झरोकेही बघा, आतल्या अंधाऱ्या बोळात उजेड यावा म्हणून काढलेले. आणि कुठल्याही जुन्या दारात पत्रांची फट दिसली तर ती नंतर कापलेली समजा. देशभर एका पेनीत पत्र पोचवणारं पेनी पोस्ट १८४० मध्ये सुरू झालं.

---

गोदाकाठ

मंडळी, उशिरा लिहितेय, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

पन्हळीत दोन पोती पानं निघाली आणि एक टेनिसचा चेंडू. खाली शिशाला हातभर लांब चीर होती. घरमालकाने शिसं बदलायचं कबूल केलंय, तुळई सुदैवाने वरवरच ओली होती. परवा रात्रभर पाऊस झाला, डाग कोरडा.

झडपा उघडायची परवानगी लेखी घेतली. शनिवारी मुलाला त्याच्या बाबांनी बागेत नेलं आणि आम्ही दोघं, बाबा आणि मी, उजवीकडच्या खिडकीशी बसलो. बाबांनी पातं मला धरू दिलं नाही. अडीच तास लागले. रंगाची पांढरी कड निघाली, तिच्याखाली पिवळट, मग हिरवा, मग तपकिरी. शेवटी वरच्या कोपऱ्यात टक् असा आवाज झाला आणि तक्ता बोटभर पुढे आला. बाबांनी तो ओढला नाही. थोडा वेळ नुसता हात ठेवून बसले. मग हळूच उघडला. आत घडीची दुसरी पाकळी, तिच्या मागे कोळिष्टकं आणि एक काळा लोखंडी अडसर, अजून खिळीवर फिरणारा. आतल्या बाजूला कधी जाड रंग बसलेलाच नाही. रंध्याच्या खुणा हाताला लागतात. आम्ही दोन्ही झडपा लावल्या, अडसर टाकला, आणि भर दुपारी खोलीत काळोख झाला. रस्त्याचा आवाजही गेला.

सुतारपक्षी, एक प्रश्न. झडपेच्या वरच्या कडेवर, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, पटाशीने मारलेल्या दोन उभ्या रेघा आहेत. शेजारी शेजारी, बोटाच्या पेराएवढ्या. चौकटीवरही तशाच दोन. हे काय असेल?

---

सुतारपक्षी

सुताराचा आकडा. झडपा कारखान्यात किंवा अंगणात एकत्र करायचे, मग कोणती कोणत्या खिडकीची हे विसरू नये म्हणून खूण. दोन म्हणजे दुसरी खिडकी. आजोबाही असंच करायचे. डावीकडची उघडलीत की कळवा.

---

गोदाकाठ

काल रात्री उघडली. बाबांची परतीची बॅग दारात भरून ठेवलेली होती, तरी बसले. एक रेघ आहे.